पेन ड्राइव्हवरचं मोब्लिन

2009 साली आमच्या घरी एकच संगणक होता, दहा इंची नेटबुक. अ‍ॅटम प्रोसेसर, एक जीबी रॅम, 1024 बाय 600 चा पडदा. ताईच्या प्रबंधाची सगळी प्रकरणं त्यातच. आणि मला त्यावर मोब्लिन 2 ची बीटा आवृत्ती चालवून बघायची होती.

का, तर 2008 च्या सप्टेंबरात इंटेलमधल्या दोघा अभियंत्यांनी असूसच्या ईई पीसीवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखवलं होतं. मोब्लिन त्याच वाटेवरचं.

ताईने बजावलं, "माझ्या फायलींना हात लावायचा नाही." म्हणून हार्ड डिस्क तशीच ठेवून ते पेन ड्राइव्हवरून चालवलं. पेन ड्राइव्हवर पाच सेकंद विसराच! पण समोर जे आलं, त्याने मी थबकलो. वर चिन्हांची एक पट्टी, खाली मायझोन: आजची कामं, नुकत्याच उघडलेल्या फायली, सगळं एकाच पानावर. मोठ्या पडद्याचं रूप दाबून बसवलेलं नाही, लहान पडद्यासाठीच आखलेलं. मला ते अजूनही आवडतं.

वाय-फाय मात्र जोडेना. बीटाच ती! इन्स्टॉल करायचा विचार तिथेच सोडला. पुढे फेब्रुवारी 2010 मध्ये नोकियाच्या मेमोशी मिळून त्याचं मीगो झालं.

तुम्ही अशी आवृत्ती बघणार असाल, तर वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर येणारी जाग, एवढं आधी पेन ड्राइव्हवरूनच तपासा.