पाकिटातला घडीचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी औषधविक्रेता. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून माझे औषधांचे दुकान होते. आपण सगळे त्याला ‘मेडिकल’ म्हणतो. १९८८ पासून सत्तावीस वर्षे मी ते चालवले, आता पुतण्या बघतो. आज मला औषधांच्या दुष्परिणामांविषयी बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणते औषध घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे मी सांगणार नाही. काउंटरमागे उभा राहून जे पाहिले, आणि त्यात माझे जे चुकले, तेवढे सांगतो.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करतो. २००९ साली आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहिलो. मुलगी-जावई कामावर गेले की दुपारी टीव्ही हाच सोबती. एका जाहिरातीत साठीचे एक जोडपे बागेतून फिरत होते, नातवाला झोका देत होते, सगळीकडे ऊन आणि हिरवळ. आणि त्याच वेळी मागून एक गोड आवाज सांगत होता, की या गोळीने स्नायू दुखू शकतात, अशक्तपणा येऊ शकतो, यकृताचा त्रास असेल तर ती घेऊ नये, काही झाल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. दुसऱ्या एका जाहिरातीत तर मृत्यूचाही उल्लेख होता आणि पडद्यावरची माणसे हसतच होती. माझी पत्नी म्हणाली, “अहो, हे औषध विकतायत की घेऊ नका म्हणून सांगतायत?” मी हसलो आणि विसरून गेलो.

आठवड्याभराने लक्षात आले, की तिच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी आहे तशीच आहे. विचारले तर म्हणाली, “त्या जाहिरातीतली गोळी म्हणजे माझीच हो. नाव वेगळं, आतलं औषध तेच. लेकीला विचारलं मी. आणि माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्यात.” जन्मभर औषधे विकली, आणि घरच्या माणसाने औषध सोडले ते टीव्हीच्या सांगण्यावरून!

आपल्याला या जाहिरातींची सवय नाही, कारण आपल्याकडे त्या नसतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात थेट लोकांपुढे करायला अमेरिका आणि न्यूझीलंड सोडून बहुतेक देशांत मनाई आहे. अमेरिकेतही ती टीव्हीवर बोकाळली ती १९९७ नंतर. तिथल्या औषध प्रशासनाने त्या वर्षी नियम सैल केले. सगळी बारीक अक्षरे वाचून दाखवायची गरज उरली नाही, मुख्य धोके तेवढे बोलून सांगायचे. पण कान धोके ऐकत असताना डोळ्यांना बाग दाखवायची, ही युक्ती चालूच राहिली. शेवटी २०२३ मध्ये नवा नियम आला, की धोके साध्या भाषेत, ठळकपणे आणि लक्ष दुसरीकडे न वेधता सांगितले पाहिजेत. तो २०२४ पासून लागू झाला.

आता पोटऱ्यांचे काय? स्नायू दुखणे हा या गोळ्यांचा खरा दुष्परिणाम आहे, तो नाकारता येत नाही. पण दुखेल दुखेल म्हणून वाट पाहिली की दुखतेही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून ज्यांनी ही औषधे सोडली होती, अशी साठ माणसे त्यांनी घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत खरे औषध, चारांत हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार रिकाम्या. खऱ्या गोळीच्या महिन्यांत त्रास वाढला, पण त्यातला नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता! माणसे खोटे बोलत नव्हती, त्यांना खरोखरच दुखत होते. भीतीसुद्धा अंगाला दुखवते. हे अकरा वर्षे आधी मला ठाऊक असते तर पत्नीला सांगता आले असते. तेव्हा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा कमी करून गोळी सुरू ठेवायला सांगितले. दुखणे महिन्याभरात गेले.

या याद्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तोंड कोरडे पडणे आणि जीव जाणे एकाच दमात लिहिलेले असते, म्हणून दोन्ही सारखेच संभवतात असे नाही. युरोपात अशा कागदांवर शब्दांचे माप ठरवून दिले आहे. शंभरात एक ते दहा जणांना होतो तो ‘नेहमीचा’ परिणाम, दहा हजारांत एक ते दहा जणांना होतो तो ‘दुर्मीळ’. आपल्या मनात मात्र यादीतला शेवटचा शब्द पहिला बसतो.

इतके ऐकून तुम्ही म्हणाल, बरे झाले, आपल्याकडे असल्या जाहिराती नाहीत. मीही तेच म्हणत होतो. आपल्याकडे १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून करू नये, हे २०१५ साली नियमात स्पष्टच घातले गेले. पण परत आल्यावर मी माझ्या दुकानाकडे नव्या नजरेने पाहिले, तेव्हा जाणवले, की आपल्याकडे जाहिरात नाही आणि तिच्याबरोबर येणारी सूचनाही नाही. तिकडे सूचनेचा मारा आणि इकडे चिडीचूप.

तुम्ही म्हणाल, औषधाच्या खोक्यात घडीचा कागद असतो की! असतो. दहा पट्ट्यांच्या खोक्यात बहुधा एक. तो माझ्याच फडताळात राहतो आणि संध्याकाळी केरात जातो. इंग्रजीत असतो, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि त्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा लिहिलेले असते, की हा मजकूर फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. म्हणजे गोळी ज्याच्या पोटात जायची, त्याच्यासाठी तो नाहीच! पट्टीवर लाल रेघ असते, लाल चौकट असते. २०१४ पासून काही प्रतिजैविके आणि सवय लावणारी औषधे यांच्यासाठी ‘एच-वन’ची चौकट आणि आमच्याकडे वेगळी वही आली. तीनशे नावाजलेल्या औषधांवर २०२३ पासून क्यूआर कोड आला. त्यात औषधाचे नाव, कंपनी, बॅच, मुदत सगळे कळते. दुष्परिणाम तेवढा कळत नाही.

आणि मग आमची कात्री. गिऱ्हाईक म्हणते, “दोनच द्या.” आम्ही पट्टी कापतो. नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर, सूचना तिसऱ्यावर. दोन गोळ्या कागदी पुडीत घालून पुढच्या माणसाकडे वळतो.

२००३ सालच्या पावसाळ्यात मी अशाच दोन गोळ्या दिल्या. मुलगा तेवीस-चोवीसचा, लातूरकडचा, एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर कंत्राटी कामाला. नाक चोंदलेले, डोळे लाल. “काका, डोकं फुटायलंय बघा. नाईट हाय आज. सुट्टी घेतली की खाडा पडतोय.” सर्दीची नेहमीची गोळी होती, तापाच्या औषधाबरोबर क्लोरफेनिरामाइन असलेली. त्याने सर्दी सुकते आणि झोपही येते. हे मला कॉलेजात शिकवले होते, पाठ होते. दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, “एक आत्ता घे, एक सकाळी.” बस्स.

पहाटे त्याचा हात प्रेसमध्ये आला. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

त्या गोळीमुळेच हे झाले, असे मी म्हणणार नाही. त्या प्रेसला गार्ड नव्हता, हे मला नंतर कळले. तो आदल्या दिवशी डबल ड्युटी करून आला होता. ज्याची यंत्रे त्याची जबाबदारी मोठी, ती माझ्या दोन गोळ्यांनी कमी होत नाही. पण “झोप येईल, मशीनवर जाऊ नकोस” हे पाच शब्दसुद्धा मी बोललो नाही, हेही तितकेच खरे. बोललो असतो तर त्याने ऐकले असते का? कदाचित नसतेही. पण ठरवायचा हक्क त्याचा होता आणि त्यासाठी लागणारी माहिती माझ्याकडे होती.

त्या घडीच्या कागदावर एक ओळ नेहमी असते, वाहन चालवू नये, यंत्र चालवू नये. ही ओळ पुण्याच्या पेठेत वाचली तर फारशी लागू पडत नाही. पण भोसरी, पिंपरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात माझ्या दुकानापुढे उभा राहणारा प्रत्येक दुसरा माणूस यंत्रच चालवतो! कोणी लेथवर, कोणी प्रेसवर, कोणी फोर्कलिफ्टवर, कोणी कंपनीच्या बसवर. जी ओळ या गावासाठीच लिहिल्यासारखी आहे, ती या गावात कोणी वाचत नाही.

आणि गंमत बघा, याच गावात एका औषधाची सूचना पोरासोरांना ठाऊक होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन बनू लागले. देशाच्या सार्वजनिक क्षेत्रातला औषधांचा हा पहिला कारखाना. पेनिसिलीनने असंख्य जीव वाचवले, पण एखाद्याला त्याची अशी काही रिअ‍ॅक्शन येते, की मिनिटांत प्राणावर बेतते. ही सूचना कुणी कागदावर वाचली होती? कुणीच नाही. पण अडाणी म्हातारीसुद्धा दंड पुढे करण्याआधी विचारायची, “टेस्ट केली का रं बाबा?” आधी कातडीत थेंबभर औषध टोचायचे, थांबायचे, मग इंजेक्शन. सूचना तोंडी होती, आपल्या भाषेत होती, आणि भ्यालात तर काय करायचे हेही तिच्यातच होते. म्हणून लोकांनी इंजेक्शन सोडले नाही आणि डोळे मिटून घेतलेही नाही.

सूचना द्यायची तर अशी. अमेरिकेतल्या जाहिरातीसारखी घाबरवून सोडून देणारी नको, आणि माझ्या त्या रात्रीच्या मौनासारखी तर नकोच.

त्या घटनेनंतर मी एक सवय लावून घेतली. झोप आणणारे औषध देण्याआधी एकच प्रश्न, “काम काय करता? आज ड्युटी आहे?” आणि पुडीवर बॉलपेनने मोठ्या अक्षरांत, “झोप येईल. मशीन, गाडी नको.” बिहार-ओडिशाचे कामगार वाढले तसे हिंदीतही लिहू लागलो. ड्युटी असलेल्याला डॉक्टरांकडे पाठवायचे, कारण कमी झोप आणणारी औषधेही असतात. वेळ लागतो फक्त अर्धा मिनिट. २०१५ च्या फार्मसी नियमांनी तर रुग्णाला समजावून सांगणे हे आमचे कामच ठरवले आहे. तेव्हा विचारायला संकोच करू नका, तो तुमचा अधिकार आहे.

विचारायचे काय? पहिले, याने झोप किंवा चक्कर येईल का? सर्दीच्या गोळीनेच नव्हे, खोकल्याच्या काही औषधांनी, चिंतेवरच्या गोळ्यांनी झापड येते. रक्तदाबाच्या औषधाने उठताना भोवळ येऊ शकते आणि मधुमेहाच्या काही गोळ्या उपाशीपोटी साखर एकदम खाली आणतात. दारूने झापड आणखी वाढते. दुसरे, माझ्या आधीच्या औषधांबरोबर हे चालेल ना? तिसरे, काय झाले तर वाट पाहायची आणि काय झाले तर धावत यायचे? अंगावर गांध्या, ओठ-चेहरा सुजणे, धाप लागणे, अशा वेळी थांबायचे नाही. आणि चौथे, त्रास झाला तर गोळी मी बंद करू की तुम्हाला विचारून? बहुतेक वेळा उत्तर येईल, विचारून. रक्तदाबाची, फिटची, हृदयाची गोळी मनाने तोडणे हे तिच्या दुष्परिणामापेक्षा घातक ठरू शकते.

शेवटी एक. तुम्हाला झालेला त्रास ही तुमच्यापुरतीच गोष्ट नाही. नवे औषध बाजारात येते तेव्हा ते काही हजार माणसांवरच तपासलेले असते. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तेव्हा कळेल कसा? अमेरिकेत टीव्हीवर गाजलेले सांधेदुखीचे रोफेकॉक्सिब हे औषध २००४ साली कंपनीलाच मागे घ्यावे लागले, कारण त्याने हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसून आले. भारतातही त्यावर बंदी आली. आपल्याकडे २०१० पासून अशा नोंदींसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो आणि रुग्ण स्वतः माहिती देऊ शकतो.

तो लातूरचा मुलगा वर्षभराने दुकानात आला होता. आता कुठल्याशा गोदामात कामाला होता. खोकल्याचे औषध मागितले, डाव्या हाताने पैसे दिले आणि बाटली उचलण्याआधी म्हणाला, “काका, ह्यानं झोप येती का?” त्याने मला टोमणा मारला नव्हता, सहज विचारले होते. मी त्याला सगळे सांगितले.

तुम्हीही विचारत जा.