यंत्रातल्या यंत्राचे जाळे

पनवेलमधील एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नांदणारे आभासी यंत्र जेव्हा इंटरनेटशी अबोला धरते, तेव्हा समग्र प्रणाली नव्याने बसवण्याचा उतावीळपणा करण्यापूर्वी त्याचा आयपी पत्ता तपासणे इष्ट. नॅट पद्धतीत, म्हणजे यंत्र लॅपटॉपच्याच पत्त्याआडून बाहेर बोलते तेव्हा, तो बहुधा १०.०.२.१५ असतो; पत्त्याच्या आरंभी १६९.२५४ दिसल्यास पत्ते देणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तरच आलेले नाही, असे समजावे. इंटरनेटवरील ८.८.८.८ या पत्त्यावर पिंग पोचते, परंतु संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर कसूर नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची. ब्रिज पद्धतीत मात्र हे यंत्र थेट राउटरकडे स्वतंत्र पत्ता मागते, आणि वायफायच्या शिरस्त्यात एका जोडणीमागे दुसरी ओळख सहसा बसत नसल्याने तो अर्ज कधीकधी नामंजूर होतो. अशा ठिकाणी, माझ्या मते, नॅटच बरे.