इराणसाठी एक वाट

१५ नोव्हेंबर २०१९ला इराण सरकारने पेट्रोलचे दर अचानक वाढवले. लोक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवसापासून जवळपास आठवडाभर देशाचा बाहेरच्या जगाशी असलेला इंटरनेट-संपर्क तोडला गेला. त्याच दिवसांत सुरक्षा दलांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. पुढे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने ३००हून अधिक मृत्यूंची नोंद केली. देशांतर्गत जाळं सरकारने आधीच उभं केलेलं होतं, त्यामुळे बँकांसारख्या सेवा बऱ्याच अंशी चालू राहिल्या. अडवायची होती ती मोबाइलवर टिपलेली दृश्यं. अफवा रोखण्यासाठी हे करावं लागतं, असं सगळीच सरकारं सांगतात; पण खरी माहितीच अडवली, की अफवांना मोकळं रान मिळतं.

म्हणून माहितीपासून तोडलेल्या अशा लोकांना वाट करून देणं ही परक्या देशातली ढवळाढवळ आहे, हे मला पटत नाही. बातमी वाचायची की नाही, हे तिथल्या माणसानेच ठरवायचं असतं. आपण फक्त वाट देतो. २०२२च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या ताब्यात कोसळलेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाला, आंदोलन पेटलं आणि इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप अडवलं गेलं. तेव्हा ‘टॉर’ या ओळख लपवणाऱ्या जाळ्याच्या ‘स्नोफ्लेक’ या साधनाचा वापर इराणमध्ये झपाट्याने वाढला. त्याची रीत सोपी आहे. जगभरातले स्वयंसेवक आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटं एक्स्टेंशन बसवतात. तेहरानमधल्या माणसाचा संपर्क त्यातून पुढे जातो आणि पहारेकऱ्याला तो व्हिडिओ कॉलसारखा दिसतो. एक पत्ता अडवला, तर दुसरा पुढे येतो. गुन्हेगारही ही वाट वापरतील, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांना इतर वाटा असतात, सामान्य विद्यार्थिनीला नसतात. स्वयंसेवकाच्या जोखमीचं म्हणाल, तर संकेतस्थळांना त्याचा पत्ता दिसत नाही, कारण तिथपर्यंतचा शेवटचा टप्पा टॉरच्या जाळ्यातून जातो. अर्थात २०१९सारखं सगळंच तोडलं, तर स्नोफ्लेकचाही इलाज चालत नाही.

काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ते फेब्रुवारी २०२१ फोर-जी बंद ठेवणाऱ्या देशाने इराणला काय सांगावं, असं कुणी विचारेल. सरकारांनी एकमेकांना काय सांगायचं ते सांगोत. हे काम नागरिकांचं आहे आणि घरच्या बंदीलाही त्यांनी तितकाच विरोध करावा. तुमचा घरचा संगणक रोज काही तास चालू असेल, तर आज ते एक्स्टेंशन बसवा. कार्यालयाचा असेल, तर आधी परवानगी घ्या.