मक्याच्या ओळीतले नांगे

(मे महिन्यात तालुक्याच्या बैठकीत आपल्या एका तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण. जशी बोलली तसेच, थोडे आवरून छापत आहोत.)



डोंगरातून चालत आलेल्या सगळ्या बायांनो, दादांनो आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो, सकाळपासून दाव्यांचं आणि फायलींचं बोलणं झालं. आता मला बियाण्यावर बोल म्हणून सांगितलंय. जमिनीच्या बैठकीत मक्याच्या दाण्याचं काय काम, असं काही जणांना वाटेल. मलाही मागच्या वर्षापर्यंत तसंच वाटत होतं.

आमच्या घरचा वनजमिनीचा प्लॉट अडीच एकराचा आहे. आजोबांपासून कसतो. मागच्या पावसाळ्यात योजनेतून संकरित मक्याच्या पिशव्या आल्या आणि सोबत हाताने ढकलायचं टोकण यंत्र आलं. दाखवायला आलेल्या माणसाने दहा पावलं चालवून दाखवलं आणि तो गेला. आम्ही दोन दिवसांत सगळं पेरलं. याहा मागून चालत होती. ती म्हणाली, हे कुठे टाकतं, कुठे टाकत नाही, काही दिसत नाही. आम्ही शिकलेली पोरं हसलो. म्हटलं, यंत्र आहे, ते मोजून टाकतं.

आठ दिवसांनी मका वर आला तर ओळीत हात हात नांगे. कुठे एकाच जागी दोन-तीन कोंब. वरच्या अंगाला तर पाच रोपं आणि मग मोकळी जमीन. बी खराब म्हणावं, तर उरलेल्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, त्यातले त्र्याण्णव उगवले. नांगे भरायला गेलो तोवर पाऊस लागून राहिला, आणि आधीच्या रोपांच्या सावलीत मागून लावलेलं काही धरलं नाही.

श्रावणात मोजणी करायला माणसं आली. कायदा काय सांगतो ते तुम्हाला पाठ आहे. २००६ चा कायदा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा, आणि प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर. आता "प्रत्यक्ष ताब्यात" हे कागदावरचं शब्द. जागेवर ते डोळ्यांनी ठरवतात. आमच्या वरच्या अंगाकडे बघून त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, "विरळ पीक, पडीत." बांध दाखवला, दगडांची ताल दाखवली, शेजारी बोलले, तरी मोजणी खालच्या सव्वा एकराला झाली. एका हंगामाचं पीक बघून पिढ्यांचा ताबा ठरवणं चूक आहे, हे आपण अपिलात लिहिलंय. साठ दिवसांच्या आत दिलंय. निकाल अजून नाही. पण ते नांगे का पडले, हे मला कळून घ्यायचं होतं.

हे कणीस बघा. हातात घेऊन पुढे फिरवा. देठाकडचे दाणे मोठे आणि गोल आहेत. मधले चपटे, कारण तिथे दाणे एकमेकांना दाबून बसतात. शेंड्याचे बारीक आणि गोल. एकाच कणसात तीन तऱ्हेचं बी आहे. कंपनीसुद्धा हेच करते, चाळण्या लावून मोठं चपटं, मधलं चपटं, मोठं गोल, बारीक गोल असं वेगळं करते आणि वेगळ्या पिशव्या भरते. वाण तेच असतं. मोठा दाणा म्हणजे मोठं कणीस, असं काही नाही. दुकानात पिशवीवरून हात फिरवून "ठसठशीत आहे, हीच द्या" म्हणणारे आपले खूप भाऊ आहेत, त्यांच्यासाठी हे सांगते. बारीक दाण्यात कोंबाची शिदोरी कमी असते, म्हणून तो खोल गाडू नये, दोन-तीन आडव्या बोटांपेक्षा खाली नको. एवढाच फरक धरा.

दाण्याच्या आकाराचा खरा संबंध दोन गोष्टींशी आहे, वजनाशी आणि यंत्राशी.

वजनाचं आधी. दोन ओळींत ६० सेंटीमीटर आणि दोन रोपांत २० सेंटीमीटर ठेवलं, तर एका एकरात साधारण ३३,७०० जागा होतात. मी पाटीवर हिशेब केलाय, पोरांनी घरी करून बघावा. बारीक दाणे किलोला ५,००० भरले, तर जागेला एक याप्रमाणे पावणेसात किलो लागतं. मोठे दाणे किलोला ३,००० भरले, तर सव्वाअकरा किलो लागतं. आणि आपल्याला बी मिळतं ते किलोवर. पाच किलोच्या पिशवीत एकाकडे २५,००० दाणे, दुसऱ्याकडे १५,०००. दोघांची सही "पाच किलो मिळाले" म्हणून. म्हणून वाटपात कमी-जास्त झालं का, ते किलोवरून कळणार नाही. शंभर ग्रॅम तोलायचं, दाणे मोजायचे आणि दहाने गुणायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

आता यंत्राचं. डबा उघडला की आत चकती असते, तिला खाचा असतात. चाक फिरलं की एका खाचेत एक दाणा बसावा आणि खाली पडावा, एवढीच त्याची अक्कल. खाच मोठी आणि दाणा बारीक असेल, तर दोन बसतात. खाच लहान आणि दाणा मोठा गोल असेल, तर तो बसतच नाही, किंवा अर्धा बसतो आणि चिरडतो. आमच्या यंत्रात चपट्या मध्यम दाण्याची चकती होती आणि पिशवीत मोठं गोल बी. डब्यात दुसऱ्या दोन चकत्या पिशवीत बांधून ठेवलेल्या होत्या. आम्ही त्या सोडूनही बघितल्या नव्हत्या. पेरणी झाल्यावर मी अंगणात चालवून मोजलं, तर दहा मीटरमध्ये ३१ दाणे पडले, त्यातले तीन फुटलेले. पडायला हवे होते पन्नास. बारीक बी असतं तर उलटं झालं असतं, दोन-दोन पडले असते. काही ठिकाणी आमचेही दोन-तीन पडलेच, कारण अडकलेले दाणे नंतर एकदम सुटायचे.

ज्वारीला, भाताला फुटवे येतात, थोडा नांगा भरून निघतो. मक्याला तसं नाही. शेजारचं रोप थोडं भरतं, पण गेलेलं कणीस परत येत नाही. आणि एका जागी दोन उभे राहिले, तर एकाचं कणीस बारकं राहतं नाहीतर वांझ जातं.

तेव्हा यंदा पेरणीच्या आधी प्रत्येकाने हे करायचं. कडक अंगणात दहा मीटरचा दोर पसरायचा. यंत्रात ज्या पिशवीतलं बी पेरणार तेच भरायचं. रोजच्या चालीने ढकलायचं, पळायचं नाही. मग दाणे मोजायचे. ४७-४८ पासून ५२ पर्यंत आले तर चांगलं. पण नुसत्या मोजणीवर भुलू नका. दोन जागा सुटल्या आणि दोन जागी जोड पडले, तरी बेरीज पन्नासच येते. वाकून ओळ बघायची. जमलं नाही तर चकती बदलायची. दोन पिशव्यांचं बी एकत्र करायचं नाही, एकीचं संपलं की दुसरीसाठी पुन्हा अंगणात चालवायचं. औषध लावलेलं बी चिकट असेल, तर सावलीत सुकवून मग भरायचं. आणि औषधाचं बी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय पोराला घेऊ नका, भाकरीला हात लावू नका.

उभ्या उताराला, दगडात, यंत्र नेऊच नका. तिथे आपला हात आणि टोकणं बरं. हाताला गोल-चपटं सगळं सारखंच. जागेला दोन दाणे टाकायचे आणि वीतभर वाढ झाली की एक उपटायचं. हे आपल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला नको.

गावठी मक्याचं जे बी आपण ठेवतो, त्याचंही बोलते. आमच्याकडे चुलीवरच्या आढ्याला कणसं बांधलेली असतात. सोलताना याहा शेंड्याचे आणि देठाचे दाणे वेगळे काढते, ते खायला, आणि मधले बियाला. मी लहानपणी विचारायचे, हे का, तर म्हणायची, सारखं उगवतं. यंत्रालाही असंच सारखं बी लागतं. तिने चकती कधी बघितली नव्हती. शिवाय सूप जरा तिरकं धरून हलवलं की गोल दाणे खाली घरंगळतात आणि चपटे मागे राहतात. बाया डाळीचे खडे काढतात तसंच. फक्त दोन-चार छान कणसांवर बी ठेवू नका. मक्याचं लग्न वाऱ्यावर लागतं. मोजक्याच कणसांचं बी वर्षानुवर्षं धरलं, तर मका नासत जातो. शेताच्या मधून, वेगवेगळ्या रोपांवरची पन्नास-शंभर कणसं ठेवावी. आणि संकरिताचं बी परत पेरू नये, पुढच्या वर्षी सारखं येत नाही.

पिशवीची चिठ्ठी फाडून फेकू नका. तिच्यावर उगवण किती टक्के ते लिहिलेलं असतं. पावती, चिठ्ठी आणि मूठभर बी डब्यात बंद करून ठेवा, दाव्याच्या फायलीशेजारीच ठेवा. उद्या नांगे पडले आणि कोणी "यांना शेती येत नाही" म्हणालं, तर आपल्याकडे दाखवायला काहीतरी असेल. आमच्याकडे मागच्या वर्षी नव्हतं.

संघटनेकडे आता दोन यंत्रं आहेत, चकत्यांसकट. एक वरच्या पाड्यांसाठी, एक नदीपलीकडच्या. प्रत्येक पाड्याला दोन दिवस, यादी बाहेर भिंतीवर लावलीय. ज्यांची मोजणी बाकी आहे त्यांचे पाडे आधी घेतलेत, त्यावरून भांडू नका. यंत्र न्यायला याल तेव्हा आपल्या पिशवीतले दाणे फडक्यात बांधून आणा, चकती इथेच लावून, अंगणात मोजून देऊ.