गाडीवाल्याची रास नको, लायसन्स विचारा

आम्ही आखाडा बाळापूरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

हळद काढायचे दिवस आले की पहाटेच गाडी येऊन उभी राहते आणि आपण डबा घेऊन चढतो. परवा आमच्यातली एक म्हणाली, "त्या पोराच्या गाडीत बसू नका गं. वृश्चिक रास त्याची, लई तापट." दुसरी म्हणाली, "आमचे मालक मेषेचे, तेही तापटच. पण वीस वर्षांत गाडी कुठं घासली नाही." सगळ्या हसलो. पण प्रश्न राहिलाच. कोण जपून गाडी चालवतो, हे राशीवरून कळतं का?

आधी रास कोणती धरायची? पंचांगात जन्मवेळच्या चंद्राची रास धरतात. पाश्चात्य पद्धतीत जन्मतारखेवरून सूर्याची. नावरास आणखी वेगळी. एकाच ड्रायव्हरच्या तीन राशी निघू शकतात!

2011 साली अमेरिकेत ऑलस्टेट नावाच्या विमा कंपनीनं राशीवार अपघातांची यादी काढली. कन्या राशीचे अपघात 2 लाखांच्या वर, वृश्चिकेचे 27 हजारांच्या आत. गंमत अशी, की त्या यादीत राशींच्या तारखा नव्यानं मांडलेल्या होत्या. कन्येला 45 दिवस आणि वृश्चिकेला फक्त 7. दिवस जास्त म्हणून माणसं जास्त, माणसं जास्त म्हणून अपघात जास्त. मोठ्या गावात लग्नं जास्त लागतात, तसंच हे. शेवटी कंपनीनं यादी मागं घेतली, माफी मागितली आणि विम्याचा हप्ता आम्ही राशीवर ठरवत नाही, असं सांगितलं.

आपल्याकडं 2008 साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. ती गाडी चालवण्याची नव्हती. पत्रिका बघून मूल हुशार आहे की मतिमंद, एवढंच सांगायचं होतं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहिल्या. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

मैत्रिणींनो, 4 एप्रिल 2025 आपण विसरलो नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. 7 जणी गेल्या. असं झालं की आपण म्हणतो, ग्रह वाईट होते, नशिबात होतं. एकदा ग्रहांवर टाकलं, की कठडा नसलेली विहीर तशीच राहते, खराब ब्रेक तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याच ट्रॉलीत बसतो.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. मुकादमाकडं बसायची गाडीच मागायची. चढण्याआधी विचारायचं: लायसन्स आहे का? ब्रेक, लाइट चालतात का? रात्री झोप झाली का? तोंडाला दारूचा वास आला, तर एकीनंही चढायचं नाही. एकटी बोलली तर तिची मजुरी जाते. सगळ्या बोलल्या तर मुकादमाला ऐकावं लागतं, कारण हळद शेतात उभी असते.

आणि आपल्या घरातही बघू. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात गाडी दिली, तर कायद्यानं पालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात दिसला तर आधी 108 ला फोन लावा.

नव्या गाडीची पूजा जरूर करा, लिंबू-मिरचीही बांधा. पण मैत्रिणींनो, हेल्मेट घातल्याशिवाय पोराला उंबऱ्याबाहेर सोडू नका.