धुकं, उशीर आणि काउंटरवरची मुलगी

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'विमानतळावरचं धुकं' हे वाचून काहीजणी हसल्या. साहजिकच आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई, दिवसभर सल्ला केंद्रात बसते. विमानाशी माझा संबंध कधीमधी स्वस्तात तिकीट मिळालं तर, एवढाच. पण गेल्या जानेवारीत दिल्लीची बैठक आटोपून आम्ही पाचजणी परत निघालो आणि विमानतळावर नऊ तास अडकलो. शेजारच्या दारातून दुसऱ्या विमानाचे प्रवासी चढत होते आणि आमच्या फलकावर नुसतं 'उशीर'. काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी उभी होती. लोक तिला वाट्टेल ते बोलत होते. खरं सांगते, मीही आवाज चढवला. 'बाकीची विमानं जातायत, तुमचंच का नाही?' ती म्हणाली, 'मॅडम, मला एवढंच सांगितलंय.'

ते मला नंतर टोचत राहिलं. उत्तर तिला माहीत नव्हतं आणि मलाही. माझी एक कॉलेजमैत्रीण हवाई वाहतूक नियंत्रक आहे. तिच्याकडे जाऊन बसले, वहीत लिहून घेतलं. तेच आज सांगते.

धुक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही, तेव्हा जमिनीवरून येणाऱ्या दोन रेडिओ लहरी त्याला वाट दाखवतात. एक डावं-उजवं सांगते. तिची अँटेना धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाबाहेर असते. दुसरी साधारण तीन अंशांचा उतार सांगते. तिची अँटेना विमान टेकतं त्या जागेजवळ, बाजूला. डाव्या-उजव्याची युक्ती फार सोपी आहे. एका लहरीवर दोन सूर चढवलेले असतात, ९० आणि १५० हर्ट्झचे. एका बाजूला कललात तर एक सूर मोठा, दुसऱ्या बाजूला कललात तर दुसरा. दोन्ही सारखे आले की तुम्ही मधोमध.

आता गोम इथे आहे. विमानातलं यंत्र फक्त दोन सुरांची तुलना करतं. लहर थेट आली की वाटेत कुणाच्या शेपटीवर आपटून आली, हे त्याला समजत नाही. अँटेनासमोर एखादं मोठं विमान किंवा वाहन आलं की लहर वाकते आणि चुकीची जागाही यंत्र बरोबर म्हणून दाखवतं. म्हणून अँटेनांच्या आसपासची जमीन मोकळी ठेवावी लागते. दाट धुक्यात तर जास्तच मोकळी. निघणारी विमानं धावपट्टीपासून एरवीपेक्षा मागे थांबवतात, उतरणाऱ्या दोन विमानांत अंतर वाढवतात. म्हणजे तासाला उतरणारी विमानं कमी होतात. आपण ज्याला उशीर म्हणतो, त्यातला बराचसा भाग हा जमीन मोकळी ठेवण्याचा वेळ असतो. मैत्रीण म्हणाली, 'तुम्हाला वाटतं आम्ही काही करत नाही. आम्ही जागा रिकामी ठेवत असतो.'

ती रिकामी नसली तर काय होतं? ३ नोव्हेंबर २०११ ला जर्मनीत म्युनिक इथे एक बोइंग ७७७ आपोआप उतरण्याच्या यंत्रणेवर उतरत होतं. हवा फार खराब नव्हती, त्यामुळे धुक्याचे कडक नियम लागू केलेले नव्हते आणि संवेदनशील जागा राखलेली नव्हती. आपण यंत्रावर उतरतोय हे वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला कळवलेलं नव्हतं. त्याच वेळी पुढचं एक छोटं जेट उड्डाण करून अँटेनावरून गेलं. लहर वाकली. प्रचंड विमान डावीकडे गवतात गेलं, तिथून वळून धावपट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतात थांबलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. यात कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, कुणी बेदरकार नव्हतं. संरक्षण जाहीर झाल्यावरच सुरू होणार होतं आणि जाहीर करावं इतकी वेळ वाईट आलीय असं कुणाला वाटलं नव्हतं. आपल्या केंद्रात 'अजून एवढं काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवलेल्या बायका मला इथे आठवल्याच, पण तो विषय आज नाही.

आता माझा प्रश्न, 'बाकीची जातायत, तुमचंच का नाही?' साध्या यंत्रणेवर वैमानिकाला २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसायलाच हवेत आणि धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटर हवी. न दिसलं तर परत वर जायचं, तिथे चर्चा नाही. त्यापुढच्या पायरीला १०० फूट आणि ३०० मीटर. सर्वांत वरच्या पायरीला ५० मीटरमध्येही उतरता येतं. दिल्लीला ती सोय आहे. दृश्यता कुणी डोळे बारीक करून ठरवत नाही. धावपट्टीच्या कडेला यंत्रं असतात. त्यातलं 'दृष्टी' नावाचं यंत्र बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने आपल्याकडेच बनवलेलं आहे. पण धावपट्टीवर सोय असून भागत नाही. विमान त्यासाठी मान्य हवं आणि दोन्ही वैमानिक त्याचं प्रशिक्षण घेतलेले हवेत. शिवाय उड्डाणाची अट वेगळी, साधारण १२५ मीटर. म्हणजे उतरता येतं पण उडता येत नाही, अशीही वेळ येते. आणि ताटकळण्यात वैमानिकांचे कामाचे तास संपले तर दुसरे आणावे लागतात.

जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीहून गोव्याला निघालेल्या विमानात नेमकं हेच झालं. धुक्याने उशीर, वैमानिक बदलावे लागले, आणि आणखी उशीर होईल अशी घोषणा करणाऱ्या नव्या वैमानिकावर एक प्रवासी धावून गेला, त्याला मारलं. त्याच सुमाराला गोव्याहून दिल्लीला जाणारं विमान मुंबईला वळवलं आणि प्रवासी विमानतळाच्या फरशीवर, विमानाशेजारीच बसून जेवले. ती चित्रं तुम्ही पाहिली असतील. लोकांचा राग खोटा नव्हता. तासन् तास कुणी धड काही सांगत नाही, म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा नाही, मूल रडतंय. पण कंपनीने माहिती द्यायची नाही आणि शिव्या खायला काउंटरवर मुलगी उभी करायची, ही व्यवस्था कुणी केली? धुक्याने नाही केली.

म्हणून पुढच्या वेळी त्या मुलीशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. त्याला विचारा: दृश्यता किती आहे, आपल्या विमानाला किती लागते, विमान इथे आहे की यायचंय, वैमानिक कमी दृश्यतेचं प्रशिक्षण घेतलेले आहेत का, त्यांचे तास किती उरलेत. हवामानामुळे उशीर झाला तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण उशीर ठरावीक तासांपलीकडे गेला की खाणं-पाणी मागता येतं, आणि विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान यांपैकी एक निवडता येतं. तोंडी सांगितलं तर लिहून मागा.

आता प्रश्न विचारा. मोबाइलचा प्रश्न कुणीतरी विचारणारच आहे, त्यापासूनच सुरुवात करू या.