फिशरचं दप्तर आणि आमचा तीन नंबर



मला 'आकडेवारी आणि आपण' असा विषय दिला होता. मी तो थोडा वळवून घेतोय. संयोजकांनी रागावू नये. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे. पण ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याचं काम रोज वापरतो.

आधी आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी आमच्या मोहल्ल्यात शाळागळतीची पाहणी केली होती. मुलं-मुली शाळा का सोडतात, हे घरोघर जाऊन विचारायचं. छापील फॉर्म केले, पोरं रविवार-रविवार फिरली, मी सगळं एक्सेलमध्ये भरलं. कामाला मजा आली. भरून झाल्यावर फॉर्मांचे गठ्ठे रद्दीत दिले. घरात जागा नव्हती, अम्मी ओरडत होती. गेल्या वर्षी तीच फाईल पुन्हा उघडली. 'कारण' या रकान्यात एक, दोन, तीन, चार असे आकडे. मुलींच्या ओळींमध्ये सगळ्यात जास्त 'तीन'. तीन म्हणजे काय? एक जण म्हणाला लग्न. दुसरा म्हणाला शाळा लांब. मला वाटत होतं घरकाम. फॉर्म नाहीत, टिपण नाही. आमच्याच मोहल्ल्यातल्या मुलींनी स्वतः सांगितलेलं कारण आमच्या हातात आहे आणि ते आम्हाला वाचता येत नाही.

त्यानंतर मी जुनी कागदपत्रं कोण कशी सांभाळतं हे वाचायला लागलो, आणि रोनाल्ड फिशरच्या दप्तरापाशी येऊन पोचलो.

तुमच्यापैकी ज्यांनी मशीन लर्निंगचा कुठलाही कोर्स केला असेल, त्यांनी 'आयरिस' डेटा पाहिलाय. दीडशे फुलं, तीन जाती, प्रत्येकीची पन्नास, आणि दर फुलाची चार मापं. ही मापं एडगर अँडरसन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने घेतलेली. फिशरने ती १९३६ साली एका लेखात वापरली, मापांवरून फूल कोणत्या जातीचं हे कसं ओळखायचं ते दाखवायला. जगभर फिरणाऱ्या या डेटाच्या एका प्रसिद्ध कॉम्प्युटर प्रतीत पस्तिसाव्या आणि अडतिसाव्या फुलाचे आकडे चुकलेले होते. हे कळलं कसं? कुणीतरी १९३६ चा छापील तक्ता काढून शेजारी ठेवला. मूळ कागद शिल्लक होता. आमचा नव्हता.

तो लेख ज्या नियतकालिकात छापला त्याचं नाव होतं 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'. युजेनिक्स म्हणजे सुप्रजननशास्त्र: माणसांची 'चांगली' पैदास वाढवा, 'वाईट' रोखा. याकडे नंतर येतो.

फिशरचा जन्म १८९० चा, लंडनचा. नजर फार अधू. त्यामुळे गणित कागदावर मांडण्यापेक्षा मनात, आकृत्या डोळ्यांपुढे आणून करायची सवय लागली, असं सांगतात. १९१९ मध्ये तो रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला. तिथे १८४३ पासून शेतांवर प्रयोग चालू होते. कोणत्या तुकड्याला कोणतं खत, किती पाऊस, किती गहू, अशा पाऊणशे वर्षांच्या नोंदी नुसत्या पडून होत्या. फिशरला घेतलं तेच मुळी या ढिगातून काही निघतं का बघायला. तो स्वतः या कामाला गंमतीने उकिरडा उपसणं म्हणायचा. त्या उकिरड्यातून प्रचरण विश्लेषण निघालं, प्रयोग कसा आखायचा याचं शास्त्र निघालं. १९२५ आणि १९३५ च्या त्याच्या दोन पुस्तकांवर शेतीपासून औषधांपर्यंतचं संशोधन पुढे उभं राहिलं. ज्या कारकुनांनी ऊन-पावसात जाऊन त्या नोंदी केल्या, त्यांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी नोंद नीट केली आणि ती कुणी फेकली नाही, एवढंच.

आता विद्वानांच्या सभांचं. आपल्याकडे एखाद्या संस्थेत दोन गट पडले की आपण म्हणतो, आपल्या लोकांचं हे असंच. जरा इंग्लंडात बघा. कार्ल पिअर्सन हा तेव्हाचा संख्याशास्त्राचा बादशहा. त्याचं नि फिशरचं बिनसलं. पिअर्सनने देऊ केलेली नोकरी फिशरने नाकारली आणि त्याच्या नियतकालिकाकडेही पाठ फिरवली. १९३३ मध्ये पिअर्सन निवृत्त झाल्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्याच्या विभागाचे दोन तुकडे केले. एक फिशरला, दुसरा पिअर्सनच्याच मुलाला. दोघं एकाच इमारतीत. चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या होत्या म्हणतात.

डिसेंबर १९३४ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत फिशरने निबंध वाचला. तिथली रीत अशी की निबंधानंतर एकाने आभाराचा ठराव मांडायचा. ठराव मांडायला उठले प्राध्यापक बोली, आणि आभार मानता मानता त्यांनी फिशरला सोलून काढला. मला आवडलं ते पुढचं. सोसायटीने निबंध छापला तेव्हा त्याच्या पाठोपाठ ही सगळी टीकाही छापली, आणि फिशरचं उत्तरही. नव्वद वर्षांनी मी सांगलीत बसून ते भांडण वाचू शकतो. आपल्या किती संस्थांच्या इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर' याखेरीज काही सापडतं? पुढे याच सोसायटीचा फिशर १९५२ मध्ये अध्यक्ष झाला. त्याआधी १९४७ मध्ये बायोमेट्रिक सोसायटी निघाली तेव्हा तिचाही तो पहिला अध्यक्ष होता.

आणि आपला संबंध? १९२० साली नागपुरात सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण प्राध्यापकाची गाठ प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांच्याशी पडली. अ‍ॅनंडेलनी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापं घेऊन ठेवली होती, ती त्यांनी महालनोबिसना तपासायला दिली. त्या वाटेने पुढे 'महालनोबिस अंतर' जन्मलं. दोन समूह एकमेकांपासून किती दूर हे मोजण्याची ती पद्धत. त्याबद्दलचा त्यांचा प्रसिद्ध लेखही १९३६ चाच, आणि फिशरच्या आयरिसच्या युक्तीशी त्याचं जवळचं नातं आहे. १९३२ मध्ये महालनोबिसनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट रीतसर नोंदवली, पुढच्या वर्षी 'संख्या' हे नियतकालिक काढलं. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिचा अध्यक्ष फिशर होता. नंतरही तो अनेकदा आला.

महालनोबिसांची एक युक्ती मला फार पटते. पाहणी करताना नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग पाडायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांकडून माहिती गोळा करायची. दोघांचे निष्कर्ष फार वेगळे आले, तर लबाडी किंवा हलगर्जी कुठेतरी आहे हे लगेच कळतं. माणूस चुकणार हे आधीच धरून केलेली आखणी. आम्ही सॉफ्टवेअरवाले ती रोज करतो, आणि मोहल्ल्यात गेल्यावर विसरतो.

आता ते युजेनिक्सचं. फिशर विद्यार्थी असल्यापासून त्या चळवळीत होता. आनुवंशिकतेवरचं त्याचं १९३० चं मोठं पुस्तक आहे, त्याची शेवटची पाच प्रकरणं माणसांच्या समाजाबद्दल, याच सुरात आहेत. 'दुर्बल बुद्धीचे' ठरवलेल्या लोकांच्या ऐच्छिक नसबंदीला कायद्याने मुभा मिळावी, या खटपटीत तो होता. नसबंदी हा शब्द ऐकल्यावर आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आणीबाणी आठवते, त्यामुळे मी इथे बराच वेळ थबकलो. युनेस्कोने महायुद्धानंतर वंशाबद्दलचं निवेदन काढलं तेव्हा फिशरने लेखी असहमती नोंदवली. मानवसमूहांत बुद्धी आणि भावनांचे जन्मजात फरक असतात, असं त्याचं म्हणणं. युनेस्कोने १९५२ च्या पुस्तिकेत तीही छापली. शेवटच्या वर्षांत सिगारेटने कॅन्सर होतो हे मानायला तो तयार नव्हता, आणि त्याच काळात तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागारही होता.

२०२० मध्ये केंब्रिजच्या त्याच्या कॉलेजने त्याच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी काढायचं ठरवलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या संख्याशास्त्र संघटनांच्या समितीने त्याच्या नावाचं व्याख्यान आणि पुरस्कार बंद केला.

मला विचाराल तर, खिडकी काढली ते बरोबर. खिडकी म्हणजे मान, आणि मान कुणाला द्यायचा हे दर पिढीने ठरवावं. पण दप्तर जागच्या जागी आहे. फिशर १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडिलेडला वारला. त्याचे कागद तिथल्या विद्यापीठाकडे गेले. बेनेट नावाच्या प्राध्यापकांनी त्याचे निबंध पाच खंडांत काढले, पत्रांचे दोन संग्रह केले, आणि त्यातल्या एकाच्या नावातच युजेनिक्स हा शब्द ठेवला. पुष्कळसं आता घरबसल्या वाचता येतं. फिशरवर आज जे आरोप होतात, त्यांतला मोठा भाग त्याच्याच छापील मजकुरातून आणि जपलेल्या पत्रांतून सिद्ध होतो. भक्तांनी चाळून ठेवलेलं दप्तर असतं, तर ते जमलं नसतं.

हे आपल्याला जड जातं. बुजुर्ग गेला की आपण त्याची तसबीर लावतो आणि पेटी रद्दीवाल्याला देतो. किंवा उलट, त्याच्याशी पटेनासं झालं की तसबीर आणि पेटी दोन्ही. माझ्या दादांकडे एका शिक्षणसंस्थेची जुनी हजेरीबुकं होती, उर्दू आणि मोडीत. कुणाला किती फी माफ केली, कुणाचं नाव कमी केलं, का केलं, सगळं. संस्थेत वाद झाला आणि नव्या मंडळींनी ती जाळली. रागाच्या भरात, एका दुपारी.

तर आमच्या पाहणीचं सांगून थांबतो. पुढच्या महिन्यात ती पुन्हा करतोय. या वेळी दोन तुकड्या असतील, एकमेकींना न विचारता काम करणाऱ्या. फॉर्मवर आकड्याशेजारी कारण अक्षरात लिहायचं, मुलीच्या स्वतःच्या शब्दांत, मग ते मराठी असो की दखनी. घरांची नावं वेगळ्या यादीत, कुलपात. फॉर्म रद्दीत जाणार नाहीत. अब्बांनी दुकानातला पत्र्याचा ट्रंक दिलाय आणि अम्मीने पलंगाखालची जागा. ट्रंकात सगळ्यात वर जुन्या एक्सेल फाईलचं प्रिंटआउट ठेवलंय, 'तीन'भोवती लाल पेनाने गोल करून. त्या वेळच्या मुली आता पंचविशीच्या आसपास असतील. काही जणी याच गावात आहेत. त्यांच्याकडे जाऊन पुन्हा विचारायला मला दोन बहिणी हव्या आहेत. मी गेलो तर त्या नीट बोलणार नाहीत. चहाच्या वेळी भेटा.